न विचारलेला प्रश्न

दर सहा महिन्यांनी मी मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणीला जाते. त्यांचे प्रश्न आता मला पाठ झालेत. डोळ्यांना नीट दिसतंय का? चालताना तोल जातो का? हातापायांना मुंग्या येतात का? लघवी आवरते का? मी उत्तरं देते. हे शेजारच्या खुर्चीवर मांडीवर फाईल घेऊन बसलेले असतात. डॉक्टर हातोडीने गुडघा ठोकून बघतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढचा पेशंट आत येतो.

पहिली चार वर्षं हे असंच चाललं. त्या चार वर्षांत एक प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि मीही आपणहून काढला नाही. तो प्रश्न म्हणजे नवरा-बायकोच्या शरीरसंबंधाचा. या न विचारलेल्या प्रश्नापायी आमचा संसार मोडायच्या बेतात आला होता. विषय नाजूक आहे. हे पान घरातली सगळी मंडळी वाचतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणून लिहू की नको करत मी दोन वर्षं घालवली. पण गेल्या काही महिन्यांत तीन बायकांनी मला हेच दबक्या आवाजात विचारलं, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

आमचं घर अर्धं मराठी, अर्धं कन्नड. मी शहापूरची, मराठी शाळेत शिकलेले आणि आता मराठी शाळेतच शिकवणारी. हे मूळचे बैलहोंगलकडचे, घरी कन्नड. उद्यमबागेत यांचं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. २००२ साली लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी नाकं मुरडली, पण वर्षभरात सगळे सरळ झाले. मुलं माझ्याशी मराठी आणि आजीशी कन्नड बोलत वाढली. भांडण मात्र ज्याचं त्यानं आपापल्या भाषेत करायचं, हा आमच्या घरचा अलिखित नियम.

२०१३ च्या पावसाळ्यात एके दिवशी आंघोळ करताना लक्षात आलं, की उजव्या पायावर ओतलेलं पाणी मला गरमच लागत नाही. डाव्या पायाला चटका बसतोय आणि उजव्याला काही नाही. मी ते कुणाला बोलले नाही. पुढच्या महिन्यात एका डोळ्यापुढे धुकं आलं. कुणी दृष्ट काढली, कुणी जीवनसत्त्वाची कमतरता म्हणालं. तीन आठवड्यांत डोळा आपोआप बरा झाला आणि आम्ही विसरूनही गेलो. जानेवारी २०१४ मध्ये मात्र कमरेपासून खाली सगळं बधिर झालं, भिंतीला धरून चालायची वेळ आली. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. एम.एस. म्हणतात त्याला.

हा आजार काही नवा नाही. फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ सालीच त्याचं सविस्तर वर्णन करून ठेवलंय. आपल्या शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. बहुतेक वेळा विशी ते चाळिशीच्या दरम्यान तो सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो. तो संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, झोपल्याने कुणाला लागत नाही. डॉक्टरांचं सगळं बोलणं ऐकून घेऊन बाहेर आल्यावर यांनी मला आपल्या भाषेत समजावलं, "तांब्याची तार शाबूत असते, पण तिच्यावरचं इनॅमल उडतं. मग करंट कुठंतरी गळतो, कुठंतरी पोचतच नाही. मोटार बंद पडत नाही, पण नीट फिरतही नाही." इतकं सोपं करून मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नाही.

पण त्या दोघांपैकी कुणीच, डॉक्टरांनीही नाही आणि यांनीही नाही, हे बोललं नाही की कमरेखालच्या सगळ्याच तारा त्या एका मज्जारज्जूतून जातात. पाय हलवणाऱ्या, लघवीची जाणीव देणाऱ्या, आणि नवऱ्याचा स्पर्श कळवणाऱ्यासुद्धा.

स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, पायात हळूहळू ताकद आली. दोन महिन्यांत मी शाळेत रुजू झाले. सगळे म्हणाले, देवाची कृपा. रात्रीची गोष्ट मात्र वेगळी होती. जिथे स्पर्श कळायला हवा तिथे कापड पांघरल्यासारखं वाटायचं, आणि मांडीवर नुसता हात ठेवला तरी मिरची लागल्यासारखी आग व्हायची. ओलावा राहिला नव्हता, त्यामुळे दुखायचं. मध्येच पाय कडक होऊन आपोआप जुळून यायचे. आणि सगळ्यात मोठी धास्ती लघवीची. अशा वेळी थेंब सुटला तर? या एका भीतीने मी अंग आखडून पडून राहायची. शिवाय शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटोपेपर्यंत अंगात एवढा शीण भरायचा की उशीला डोकं टेकल्यावर कूस बदलायचीही ताकद नसायची. एम.एस.चा थकवा हा दिवसभर राबल्याच्या थकव्यासारखा नसतो. तो एकदम वीज गेल्यासारखा येतो.

मी टाळायला लागले. आधी डोकं दुखतंय म्हणून, मग मुलांची परीक्षा आहे म्हणून. यांनी एकदाही आवाज चढवला नाही. एके रात्री उशी उचलून हॉलमध्ये गेले. "तुला नीट झोप लागू दे," एवढंच म्हणाले. मी ते ऐकलं आणि मनात अर्थ लावला, की आता मी यांना नकोशी झाले. पुढची सव्वादोन वर्षं ते हॉलमध्ये आणि मी आतल्या खोलीत. दिवसा आम्ही व्यवस्थित बोलायचो. गॅस संपला, फी भरायची, फाईल कुठे ठेवली. एवढंच.

हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "गंड हेंडती ब्यारे ब्यारे मलगबारदु." नवरा-बायकोनं वेगवेगळं झोपू नये. मला राग आला. आजारी मी, आणि बोल मलाच! त्या बोल लावत नव्हत्या, काळजी करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मी प्रयत्नच केला नाही असं नाही. आमच्या भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई म्हणून त्यांच्याशी बोलता येईल असं वाटलं. पण तोंड उघडल्यावर शब्दच सापडेनात. या विषयाचे मराठीतले शब्द एकतर शिवीत जातात, नाहीतर पोथीत. कन्नडमध्येही तीच गत. शेवटी "आमचं ते... जमत नाही" एवढंच म्हणाले. त्यांनी कागदावरून नजरही न उचलता विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, दोन. "मग झालं की! एवढा मोठा आजार, त्यात हे कशाला डोक्यात घेता?" मी फी देऊन बाहेर पडले. रिक्षात बसून रडले. दुखण्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की असं काही वाटणंसुद्धा माझी चूक ठरली होती.

२०१८ साली गोळ्या बदलायच्या म्हणून बेंगळुरूच्या एका मोठ्या रुग्णालयात जावं लागलं. राणी चन्नम्माने रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलो. डॉक्टरांना भेटण्याआधी एका नर्सने मला आतल्या खोलीत नेलं. मूळची गदगची, वयाने माझ्याहून लहान. यांना तिने बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावलं. तिच्या हातात एक इंग्रजी फॉर्म होता, एकोणीस प्रश्नांचा. म्हणाली, या आजारात बऱ्याच बायकांना संबंधांच्या वेळी त्रास होतो, म्हणून आम्ही सगळ्यांनाच हे विचारतो. "संकोच माडब्याडरी, अक्का."

संकोच हा शब्द दोन्ही भाषांत एकच. तो ऐकला आणि माझा बांध फुटला. ती एकेक प्रश्न कन्नडमध्ये सांगत गेली. स्पर्श कमी कळतो का? ओलावा कमी झालाय का? पाय आखडल्याने अडचण येते का? लघवीची भीती वाटते का? आपण पूर्वीसारख्या बाई राहिलो नाही असं वाटतं का? प्रत्येक प्रश्नाला मी मान हलवत होते. चार वर्षं जे माझं एकटीचं पाप म्हणून मी वाहत होते, ते इथे छापील कागदावर ओळीने मांडलेलं होतं. म्हणजे माझ्यासारख्या इतक्या बायका आहेत, की कुणीतरी त्यावर प्रश्नावली तयार केली!

नंतर पुनर्वसन विभागाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. एम.एस. असलेल्या निम्म्याहून अधिक बायकांना कधी ना कधी हा त्रास होतो. फॉली आणि आयव्हर्सन या दोघा अमेरिकन तज्ज्ञांनी १९९२ मध्ये त्याचे तीन थर सांगितलेत. पहिला थर नसांचाच, म्हणजे बधिरपणा, कोरडेपणा, इच्छा किंवा सुखाची जाणीव कमी होणं. दुसरा थर आजाराच्या इतर त्रासांचा, म्हणजे थकवा, पायांचा आखडा, लघवी-शौचाच्या तक्रारी. तिसरा थर मनाचा आणि घरादाराचा. मी आता नवऱ्याच्या कामाची नाही, त्याला मी पेशंट वाटते, लोक काय म्हणतील. तिन्ही थर एकमेकांत गुंतलेले असतात, पण तीन वेगळे केले की प्रत्येकावर थोडं थोडं काम करता येतं. डॉक्टरांचं आणखी एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. या उपचाराची पहिली पायरी औषध नसून परवानगी असते, असं ते म्हणाले. पेशंटला हा विषय बोलायची परवानगी आहे, हे आधी आम्ही दाखवून द्यायला हवं.

त्यांनी मला जे सांगितलं ते इथे लिहिते. मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. हे वाचून आपल्या मनाने काही सुरू किंवा बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. पण काय विचारायचं ते तरी कळेल.

कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारी जेली औषधाच्या दुकानात मिळते, चिठ्ठी लागत नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन वापरू नये. निरोध वापरत असाल तर तेलाने त्याचं रबर कमकुवत होतं. पाळी जायच्या वयात कोरडेपणा वाढला तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पाय आखडत असतील तर त्यावरची बॅक्लोफेनसारखी गोळी दिवसात कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. कुशीवर झोपून, गुडघ्यांखाली किंवा दोन पायांमध्ये उशी घेऊन आखडा कमी करता येतो. लघवीसाठी आधी तासभर-दोन तास चहा-पाणी कमी घ्यायचं आणि लगेच आधी जाऊन यायचं. मात्र दिवसभर पाणी तोडायचं नाही, त्याने जंतुसंसर्ग होतो, आणि तो झाला की एम.एस.ची बाकीची लक्षणंही वाढतात. ज्यांना नळीने लघवी काढावी लागते त्यांनी ती आधी काढून घ्यावी.

उदासीनता हा या आजाराचा जुना सोबती आहे. त्यावर मला चालू असलेली गोळी इच्छा कमी करणाऱ्यांपैकी निघाली. डॉक्टरांनी ती बदलून दिली. आपण आपल्या मनाने बंद करायची नसते, पण सांगितल्याशिवाय ती बदलणार तरी कोण?

एक व्यायामही शिकवला. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो ते आवळायचे आणि सोडायचे. अमेरिकेतल्या केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला म्हणून केगल व्यायाम. काहींचे स्नायू सैल असतात, काहींचे आधीच फार घट्ट असतात, आणि घट्ट असतील तर आवळण्याऐवजी सोडायला शिकावं लागतं. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेणं बरं.

उष्णतेचंही सांगितलं. अंग तापलं की एम.एस.ची लक्षणं तेवढ्यापुरती वाढतात. जर्मन डॉक्टर उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. बेळगाव थंड हवेचं गाव म्हणून नावाजलेलं, पण एप्रिल-मेमध्ये आमची माडी भट्टीसारखी तापते. म्हणून पंखा, गार पाण्याने हातपाय धुणं, आणि रात्रीच्या थकव्याऐवजी पहाटेची वेळ. "रात्रीच हवं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" डॉक्टर हसत म्हणाले. आणि शेवटचं म्हणजे शरीराचा नकाशा. घाई न करता, पुढे काही व्हायलाच हवं असा हट्ट न धरता, दोघांनी मिळून शोधायचं की कुठला स्पर्श कळतो, कुठला बोचतो आणि कुठला सुखाचा आहे. नसांचा नकाशा बदललाय, तर रस्तेही नव्याने शोधावे लागणार.

हे सगळं कळलं, पण यांना सांगायचं कसं? परतीच्या गाडीत शक्यच नव्हतं. समोरच्या बर्थवर हुबळीचं एक कुटुंब होतं. घरी आल्यावर तीन दिवस मी नुसती संधी शोधत होते. चौथ्या दिवशी मुलं क्लासला आणि सासूबाई मठात गेल्या असताना मी यांना गच्चीवर बोलावलं. मराठीतून बोलायला गेले तर घशात आवंढा. मग काय सुचलं कोण जाणे, मी कन्नडमध्ये म्हटलं, "सिट्ट अल्ल री. ननग मुट्टिद्द गोत्तागुदिल्ल." राग नाही हो, मला स्पर्श केलेला कळतच नाही. आपल्या आईच्या भाषेत जे बोलायला जीभ धजत नाही, ते दुसऱ्या भाषेत निघून जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

हे बराच वेळ गप्प होते. मग आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाले, "मला वाटलं मी हात लावला की तुला दुखतंय. म्हणून मी लांब गेलो. तू बोलली नाहीस, मला वाटलं तुला मी नको आहे."

म्हणजे सव्वादोन वर्षं मी समजत होते की मी यांना नको, आणि हे समजत होते की ते मला नको. दोघांचीही चूक नव्हती, आणि दोघंही शिक्षा भोगत होतो.

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. जेली आणायला हे आमच्या गल्लीतलं मेडिकल सोडून पार खडेबाजारापर्यंत गेले, आणि तिथेही दुकानात ओळखीचा माणूस दिसला म्हणून खोकल्याचं औषध घेऊन परत आले! त्यावर आम्ही दोघं किती दिवसांनी एकत्र हसलो. व्यायामाचा गुण यायला तीन-चार महिने लागले. दुखणं गेलं, लघवीची भीती बरीचशी गेली. बधिरपणा मात्र पूर्ण गेलेला नाही आणि जाईल असं कुणी सांगितलेलंही नाही. काही दिवस काहीच जमत नाही. तेव्हा हे नुसते पाठीवरून हात फिरवत बसतात. पूर्वी मला ते कमी वाटलं असतं, आता वाटत नाही. उशी मात्र हॉलमधून आत आली ती आलीच. सासूबाईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवणात होळगी होती.

त्या वारल्यावर त्यांची पेटी आवरताना कपड्यांच्या तळाशी डॉ. अनुपमा निरंजन यांचं 'दांपत्य दीपिके' सापडलं. आत खुणेसाठी दुमडलेली पानं. मला एकदम माहेर आठवलं. आमच्याकडे डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' वर्तमानपत्राचं कव्हर घालून देवघराच्या मागच्या फळीवर असायचं. दोन घरं, दोन भाषा, आणि दोन्हीकडे पुस्तक लपवलेलं. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढून मराठीत हा विषय उघडपणे मांडला, त्यासाठी कोर्टकचेऱ्या सोसल्या आणि १९५३ मध्ये शेवटपर्यंत ते मासिक चालवलं. त्याला किती वर्षं झाली! आणि मी, शिकलेली शिक्षिका, डॉक्टरीणबाईंसमोर "आमचं ते" एवढंच बोलू शकले.

ज्या तीन बायकांमुळे हे लिहायला बसले, त्यांच्याविषयी सांगते. एकीचं लग्न ठरायचंय. तिला विचारायचं होतं, की मला मूल होईल का, लग्न करावं का? तिला मी सांगितलं, एम.एस.मुळे सहसा मूल होण्याची क्षमता जात नाही. फ्रान्सच्या डॉक्टरांनी पुढाकार घेतलेल्या, युरोपातल्या गरोदर बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं होतं, की गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आजाराचे झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. म्हणून मदतीला माणसं हवीत. पण काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्यामुळे त्या चालू असताना गर्भनिरोधन पाळायचं आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्या बदलायच्या. आणि लग्न ठरवताना आजार लपवायचा नाही. दुसरीला नवऱ्याने माहेरी आणून सोडलंय. तिला मी एवढंच सांगू शकले, की २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, दाखला काढ, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या पुणे-बेंगळुरूच्या शाखांशी बोल. तिथे आपल्यासारख्या बायका भेटतात. तिच्या नवऱ्याला कुणी वेळेवर समजावलं असतं तर, हा विचार मात्र माझा पिच्छा सोडत नाही. तिसरी माझ्याच वयाची. तिची गोष्ट म्हणजे माझीच गोष्ट, फक्त तिचा नवरा अजून हॉलमध्ये झोपतो.

नवरेमंडळींपैकी कुणी इथपर्यंत वाचलं असेल तर त्यांनाही सांगते. बायको टाळते म्हणजे तिला तुम्ही नको आहात असं नसतं. विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

गेल्या तपासणीला जाताना मी घरूनच कागदावर मुद्दे लिहून नेले. डोळे, चालणं, लघवी, आणि चौथा मुद्दा, संबंध. डॉक्टरांचे नेहमीचे प्रश्न संपले. ते गोळ्या लिहायला लागले तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, अजून एक राहिलंय." त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही." ते हसले, पण जरा ओशाळले.

मी बाहेर आले. माझ्या मागून आत गेलेली मुलगी पंचविशीची असेल, सोबत नवरा होता. दार लागता लागता डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. डोळे कसे आहेत, चालणं कसं आहे, आणि मग जरा थांबून, "घरी तुमचं दोघांचं नीट चाललंय ना? काही त्रास असेल तर मोकळेपणाने सांगा."